आजीच्या आवाजातलं नाव

अंजूर,
मंगळवार, १८ फेब्रुवारी २०२५

लाडक्या पूर्वीस,
मामाचा आशीर्वाद आणि मामीकडून एक गालगुच्चा.

इकडे सगळे मजेत. तुझ्या हळदीसाठी मामीची साडी कधीच घेऊन झाली, माझा सदरा अजून दुकानातच आहे. मेसेज करायचा सोडून मामा कागद का खरडतोय, असं तुला वाटेल. करिष्मा मामी बांगड्यांचा डबा घेऊन पडघ्याला येतेय, त्याच्या तळाशी हे पत्र ठेवलंय. एकटी असताना वाच.

तुम्ही सगळे मला ‘डबेवाला मामा’ म्हणून हसता. हसा. आपल्या शेतांवर गोदामं उभी राहिली, साऱ्या मुलखाचा माल आपल्या गावात येऊन पडला, आणि आपले फोटो, आपली बोलणी मात्र सातासमुद्रापार कुणाच्या तरी गोदामात! रखवालदार फुकट राबत असेल तर तो पोती उघडून बघणारच. म्हणून मी घरातच सर्व्हर बसवला. पेटी बिस्किटाच्या डब्याएवढी, आणि त्यातलं सॉफ्टवेअर सगळं खुलं, कुणीही आत डोकावून तपासावं असं. घरातल्या सगळ्यांचे फोटो आणि मेसेज त्यातच राहतात. तुझेही.

तुझे मेसेज मी कधीही उघडलेले नाहीत, पूर्वी. एकवीरा आईची शपथ. हे आधीच लिहून ठेवतो, कारण पुढचं वाचून तुला तोच संशय येईल.

आजीचे धवले, म्हणजे तिची लग्नातली गाणी, मी त्याच पेटीत भरून ठेवलेत, हे तुला माहीत आहे. ती गाणारी धवलारीण म्हणून पंचक्रोशीतल्या लग्नांत तिला मान होता. रेकॉर्डिंगला ती एका अटीवर बसली: आवाज घराबाहेर जायचा नाही. मी म्हटलं, आई, गाणी तरी लोकांना देऊ या. तर म्हणाली, “गाना सगल्यांचा हाय रं, कोनीपन बोला. पन नाव त्या पोरीचा हाय. तिला इचारल्याबिगर घेवाचा न्हाय.” आणि खरंच, मांडवात बसायच्या आधी ती नवरीला बाजूला घेऊन कानात विचारायची, कुणाचं नाव घेऊ? पोरी लाजून चूर व्हायच्या.

आई गेली, आणि मग तुझं प्रितेशशी ठरलं. ताईने, तुझ्या आईने, हट्टच धरला, की हळदीला आईचाच आवाज हवा आणि त्यात पूर्वीचं आणि प्रितेशचं नाव हवं. रेकॉर्डिंग ऐकून आवाज शिकणारा एक खुला प्रोग्रॅम मिळतो. आपण शब्द टाइप करायचे, तो त्या आवाजात गातो. आईला विचारायला आई नव्हती. तुला विचारायला तू होतीस, आणि मी विचारलं नाही.

शनिवारी गाणं तयार केलं. रविवारी दुपारी ड्युटीवरून आलो आणि पहिल्यांदा शांतपणे ऐकायला बसलो. मामी पलीकडे बोंबील साफ करत होती. खरं सांगू, आधी रडूच आलं. हुबेहूब आई. तुझं नाव आलं. मग गाणं थांबलं, आई नाव आठवताना आवंढा गिळायची तसा आवाज आला, आणि पुढे प्रितेशचं नाव आलंच नाही.

दुसरंच आलं. मामी बोंबलाचे हात तसेच घेऊन दारात आली. “आईनी ह्यो कोनाचा नाव घेतला?”

मी पुन्हा टाइप केलं. पुन्हा तेच. मामीचं आणि माझं नाव घातलं, बिनचूक गायलं. प्रितेशबरोबर भलत्याच मुलीचं नाव घातलं, तेही गायलं. फक्त तुझ्या नावापुढे प्रितेश येईना. नेटची वायर काढून टाकली, तरी तेच. प्रोग्रॅमला तुझ्या मेसेजपर्यंत वाटच नाही, ते कुलूप मी स्वतः घातलंय. तरी काल भिवंडीच्या माझ्या मित्राला, फरहानला, सगळा कोड दाखवला. गाणं ऐकवलं नाही. त्याने ओळ न् ओळ वाचली. म्हणाला, “कोड साफ है भाई. आवाज़ किसकी है?” मी म्हटलं, अम्मी की. “तो फिर अम्मी से ही पूछ.” तो हसला. मला हसू आलं नाही.

घरी येऊन पेटीसमोर बसलो आणि वेड्यासारखा मोठ्याने म्हणालो, “आई, प्रितेश म्हण ना गं.” बटण दाबलं. तुझं नाव झाल्यावर तो आवंढा आला, आणि मग गाणं नाही, नुसतं बोलणं.

“तिला इचारलास?”

हे शब्द मी टाइप केलेले नव्हते. सगळी रेकॉर्डिंग धुंडाळली, त्यांतही कुठे नाहीत. पेटी बंद केली, प्लग काढला, आणि तेव्हापासून त्या खोलीत गेलेलो नाही.

ते दुसरं नाव मी इथे लिहीत नाही. कुणालाही सांगणार नाही, मामीलाही तंबी दिलीय. साखरपुड्यात तू प्रत्येक फोटोत हसलीस, आणि मीच ते फोटो कौतुकाने पेटीत भरले. तसं कुणी नसेलच, तर हे पत्र चुलीत घाल आणि मामाला खूळ लागलं समज.

पण असेल तर ऐक. माझ्याकडची फाइल मी पुसेन. दुसरी प्रत मात्र तुझ्या घरात आहे. रविवारी सकाळी मी ड्युटीवर असताना ताई येऊन टीव्हीवर ठेवलेला, गाणं भरलेला पेन ड्राइव्ह घेऊन गेली. दुपारी गाणं ऐकल्यावर तिला लगेच फोन केला, म्हटलं गाणं बिघडलंय, परत दे. म्हणाली, “बिघडला तरी माजे आईचा हाय. अजून ऐकला न्हाय मी. हलदीला सगल्यांबरोबर ऐकीन, तवाच रडीन.” दागिन्यांच्या कपाटात ठेवलाय म्हणे.

तू तो काढून फेकलास तर शनिवारी हळदीला मी साधे ढोल-ताशे लावीन आणि जन्मभर गप्प राहीन. पण प्रितेश गरीब पोरगा आहे, त्यालाही काय ते कळायला हवं. मांडवात पाचशे माणसांसमोर ते नाव स्पीकरवरून ऐकायची वेळ तुम्हा दोघांवर येऊ देऊ नकोस.

मामी तुझ्या आईबरोबर चहा पितेय तोवर विचार कर. खरं सांगायचं असेल तर जाताना तिला नुसतं ‘मामाला पाठव’ एवढं म्हण. ताईला काय सांगायचं ते आपण दोघं मिळून सांगू. ती आधी मलाच मारेल, मारू दे.

गाडीची किल्ली हातात घेऊन बसलेला,
तुझा भाविक मामा