भेगा कोण बुजवतंय?

मंगळवार, संध्याकाळ. लोहगडवाडी.

आज तिसऱ्यांदा माझ्या भेगा बुजलेल्या! कलाकारांसाठीच्या या रेसिडेन्सीत राहून काम करायला आल्यापासून स्टुडिओच्या जमिनीवर मातीचा थर देऊन तो तडकायची वाट बघतेय. ते तडकणं हेच माझं चित्र. शनिवारी लोक बघायला येणार, त्यांना काय ही गुळगुळीत जमीन दाखवू?

संशय हॅनावरच. शेजारच्या स्टुडिओतली जर्मन शिल्पकार. दुपारी जेवताना तिच्या नखांत शेण दिसलं. ही तर दगडात काम करते, मग शेण कुठून आलं? विचारलं तर नुसती हसली. मला नाही आवडलं ते हसू.

शेवटी स्वयंपाकाच्या मावशींना गाठलं. त्या म्हणाल्या, "आमीच सारवलं की! पाव्हणं येनार अन् जिमीन ही अशी फुटल्याली. त्या गोऱ्या बाईनं पन लय हातभार लावला."

म्हणजे नखांचं मी बरोबर ओळखलं होतं. मावशींना बिचाऱ्यांना काय माहीत? पण हॅनाला तर माहीत होतं ना? पहिल्याच दिवशी तिला मी तासभर इंग्रजीत सगळं समजावून सांगितलं होतं.

मावशींना मराठीत एकदाही नाही.