सारवलेला खड्डा

बेबे, आशीर्वाद मागाहून घेजो, आधी हे आयक. जीपमधून सगळ्यात पयले उतरल्या त्या वेदश्री मॅडम, नागपूरच्या. जुन्या लोकायची वस्ती खणून पाहतात. (तुह्ये गुडघे कसे आहेत? माह्ये आहेत तसेच.) आपल्या गाईच्या कोठ्यामागं पांढरीचं टेकाड आहे ना, जिथून मी चुलीच्या पोतेऱ्याले माती आणतो, तिथंच दोऱ्या बांधून त्याहीनं चौकोनी खड्डा केला. अन् माती काढणं कशानं, तर ब्रशनं! स्वीटीनं (माही सून) घर इतकं कधी झाडलं नाई.

खड्ड्याच्या भिंतीत मातीचे थर दिसले. एक राखेचा, एक लाल, एक काळा. खालचा थर जुना, वरचा नवा, असं मॅडम सांगे. थराथराले त्याहीनं चिठ्ठ्या टोचल्या. अन् तळाशी निघाली चूल! चुलीत जळके दाणे. दोन हजार वर्षांमागच्या बाईचंही लागलंच होतं, बेबे, मले किती धीर आला! मॅडमनं ते दाणे अत्तरावानी डबीत भरले. (माह्यं वरण लागलं तर स्वीटी कुत्र्याले टाकते.) पण दाणे थोडे, चुलीभवती अजून खणलं तरच नक्की समजन म्हणे. तवापासून माह्यं ठरलं. ती बाई काय रांधत होती, हे समजल्याबगर मी काई मरत नाई.

मंग संक्रांतीले ते लोक घरी गेले. इकडं स्वीटीच्या हळदीकुंकवाले आख्खा मोहल्ला ती चूल पाहाले येणार. आता तूच सांग, सवाष्णी येणार अन् चूल तशीच उघडीबोडकी ठेवाची? मी शेण कालवलं अन् खड्डा तळापासून काठापर्यंत सारवून काढला, भिंतीसुद्धा. चिठ्ठ्या उपटून पुडीत बांधल्या (फेकल्या नाई हो). चुलीले पोतेरा, भवती रांगोळी. शेजारची रुख्माबाई म्हणे, "काकू, खड्डा असावा तर असा!"

मॅडम परत आल्या अन् त्याहीनं खड्ड्यात वाकून पाहलं. "आजी, हे काय केलंत?"

मी म्हटलं, "राहू द्या, त्यात काय एवढं."

मंग समजलं. थर शेणाखाली गेले, आता कोणतं कवाचं ते वाचता येत नाई. भिंत हातभर मागं कापली तर कोरे थर दिसतील, पण मागं आपला कोठा. मॅडम म्हणे, जाऊ द्या आजी, बुजवून टाकतो. मी म्हटलं, बुजवता काऊन? कोठा पाडा!

प्रफुल्ल (पोरगा माहा) बोंबलला, "माय, अन् गाय काय तुह्या खाटीले बांधू?"

म्हटलं, गाईचं मी पाहतो, तू कुदळ आण. फुगून बसला दिवसभर, पण काल पाडला कोठा. मी समोर उभीच होती.

तुही मोठी बहीण,
गिरजा

ता. क. गाय महिनाभर तुह्याकडं आर्वीले ठेवजो. लय गरीब आहे.

ता. क. धार काढताना डाव्या बाजूनं बसू नको. संग वासरूही आहे. अन् दोरी खाते.

ता. क. हे पत्र टेम्पोवाल्या अंकुशच्या हातीच देऊन राह्यली, म्हंजे तू हे वाचून राह्यली तवा गाय तुह्या दारातच उभी असन. उतरवून घेजो, वापस पाठवू नको. मॅडम सोमवारी येतो म्हणाल्या.