पळणारं ग्रुमन

२९ ऑगस्ट १९४२
आज अमेरिकनांचं एक ग्रुमन विमान पळालं आणि पळता पळता आम्हालाच खाणार होतं.

नेहमीसारखे आम्ही तिघे. पुढे मुरोझोनो, डावीकडे मी, उजवीकडे इवाकिरी. मुरोझोनो तुकडीचे प्रमुख. गोळी त्यांनी घालायची, आम्ही दोघांनी पाठ राखायची. त्यांनी एक ग्रुमन गाठलं. ते डावीकडे वळलं, तेही असं रमतगमत की कुणीही मागे जावं. मुरोझोनो गेले. आणि डावीकडूनच दुसरं ग्रुमन समोरासमोर आलं, सहाही बंदुका उघडून! त्यांच्या पंखात नऊ भोकं. टाकीपासून चार बोटांवर.

उतरल्यावर इवाकिरी म्हणाला, "प्रमुखांचं नशीब थोर." असेल. पण परवा दुसऱ्या तुकडीलाही अगदी हेच झालं. एकच अपघात दोनदा कसा होतो?

३१ ऑगस्ट
किनाऱ्यावर एक ग्रुमन पोटावर पडलंय. मेकॅनिक ओझासाला घेऊन बघून आलो. दुपार तिथेच गेली, जेवणाची आठवणही राहिली नाही.

काय बोजड प्रकरण आहे! वैमानिकाच्या पाठीमागे लोखंडी पत्रा. मी बोटांनी वाजवून पाहिला, चांगला जाड. टाकीला रबराचं अस्तर. ओझासा म्हणाला, गोळी गेली की पेट्रोल लागून रबर फुगतं आणि भोक बुजतं. म्हणून ती पेटत नाहीत तर! आपलं झीरो विमान एका ठिणगीत पेटतं. चाकं वर घ्यायला हाताने फिरवायचा दांडा. ओझासाने तो गरगरा फिरवला आणि म्हणाला, "पाणी कधी येणार?"

मी विचारलं, आपल्याला निदान पत्रा तरी बसवता येईल का.

"बसवतो की. मग परत येताना थोडं पोहत ये."

तेही खरं. हलकेपणा गेला की आपला पल्ला गेला, चढणं गेलं, वळणं गेलं. मग झीरोत राहिलं काय?

१ सप्टेंबर
पाऊस. उड्डाण नाही. एकच प्रश्न डोक्यात: ग्रुमनवाले जोडीने लढतात तर एकमेकांपासून इतके लांब का उडतात?

१२ सप्टेंबर
बेटावरच्या तळावरून परत विमानवाहू जहाजावर आलो. आणि सापडलं!

जेवताना खारवलेल्या उमे फळाच्या बिया ताटात उरल्या होत्या. दोन ग्रुमन, एक झीरो. दोन बिया शेजारी ठेवल्या तर वळायला जागाच राहत नाही. लांब ठेवल्या की राहते. झीरो एकामागे लागलं की दोघे एकमेकांकडे वळतात. पळणारा आपल्याला ओढत नेतो तो थेट जोडीदाराच्या तोंडापुढे. तो पळत नसतोच!

इवाकिरी वाकून बघत होता. म्हणाला, "झीरोची बी जरा मोठी घे. अपमान होतोय." मग गंभीर होऊन विचारलं, "पण मागे झीरो आहे हे पहिल्याला कळतं कसं? तो तर मागे बघत नाही."

चांगला प्रश्न. उत्तर संध्याकाळी सुचलं. तो जोडीदाराकडे बघतो. जोडीदार एकदम माझ्याकडे वळला, म्हणजे माझ्या मागे कुणीतरी आहे. बोलायला नको, रेडिओ नको. फक्त स्वतःच्या पाठीकडे बघायचं नाही. ती दुसऱ्याला देऊन टाकायची. मला जमलं असतं का? मला तर मान पुढे ठेववत नाही.

वळण्यात आपली बरोबरी कुणी करू शकत नाही. त्यांनी काय केलं, तर दोन अडाणी वळणारे जोडून एक शहाणा केला. मला हे फार आवडलं. शत्रूचं आहे तरी आवडलं.

१४ सप्टेंबर
मुरोझोनोंना सांगितलं. मनात धाकधूक होती. चीनच्या युद्धापासून लढतायत, मला जे येतं ते त्यांनी शिकवलेलं. आणि त्यांची ख्याती हीच की एकदा मागे लागले की समोरचं पेटेपर्यंत सोडत नाहीत.

त्यांनी दोन्ही हात विमानांसारखे धरून तीनदा करून पाहिलं.

"म्हणजे पळणाऱ्याला सोडून द्यायचं?"

"हो, प्रमुख. तो आमिष असतो."

"आणि मला भान राहिलं नाही तर?"

नाही राहिलं तर तुम्ही मराल, हे तोंडावर कसं सांगणार? पण गेले पंधरा दिवस मला त्याचीच भीती आहे.

रेडिओ तर आम्ही कधीच काढून टाकलेत. खरखरीशिवाय काही ऐकू यायचं नाही, वर वजन. मुरोझोनोंनी तर त्याच्या एरियलची काठीसुद्धा करवतीने कापून घेतली. शेवटी तेच म्हणाले, "तू पुढे येऊन पंख हलव. हलवलेस की मी सोडीन. मग कोण का असेना."

मला त्यांना मिठी मारावीशी वाटली. सलाम केला.

३ ऑक्टोबर
सराव. इवाकिरी ग्रुमन झाला आणि पळताना मुद्दाम बावळटासारखा उडाला. मी पंख हलवले, प्रमुख ताबडतोब वर चढले. उतरल्यावर इवाकिरी म्हणतो, "मी इतका सुंदर पळत होतो, आणि सोडलंत?" मुरोझोनो हसले. फार दिवसांनी.

९ ऑक्टोबर
वेगात सूर मारला की झीरो वळवायचा दांडा खिळा ठोकल्यासारखा घट्ट होतो. ग्रुमन तसंच खाली पळून सुटतं. हे का होतं? ओझासालाही नीट सांगता येत नाही.

२६ ऑक्टोबर
मोठी लढाई झाली. इवाकिरी गेला.

मुरोझोनो एका ग्रुमनच्या मागे होते. त्याच्या शेपटीच्या सुकाणूवर ताणलेलं कापड फाटून लोंबत होतं. ते डावीकडे वळलं, तसंच, रमतगमत. मी पुढे जाऊन पंख हलवले. प्रमुखांनी सोडलं आणि वर चढले. त्यांच्यामागे मी.

वर गेल्यावर मी जोडीदार शोधला. डावीकडे नाही. खाली नाही. कुठेच नाही. त्या ग्रुमनला जोडीदार नव्हताच. ते रमत नव्हतं, फाटक्या शेपटीने त्याला तेवढंच वळता येत होतं.

इवाकिरी आमच्यामागे येत होता. ते ग्रुमन ढगात शिरलं आणि इवाकिरीच्या मागून बाहेर आलं. तेच. लोंबणारं कापड मी पाहिलं. झीरो एका ठिणगीत पेटतं.

२७ ऑक्टोबर
कमांडरने सगळ्यांना बोलावलं. यापुढे पळणाऱ्या ग्रुमनचा पाठलाग करायचा नाही, शिओमीचं, म्हणजे माझं, म्हणणं बरोबर ठरलं, म्हणाला. काल त्यामुळेच मुरोझोनोंसारखा माणूस वाचला. सगळे माझ्याकडे बघत होते. मी पायांकडे.

इवाकिरीला ढगातून आलेल्या कुठल्यातरी ग्रुमनने पाडलं, असं सगळे धरून चाललेत.

२८ ऑक्टोबर
सकाळी मुरोझोनोंना गाठून सांगून टाकलं. ते तेच ग्रुमन होतं. एकटं होतं. मी चुकलो.

ते डेकच्या कडेला समुद्राकडे बघत उभे होते. म्हणाले, "एकटं आहे हे मला दिसत होतं."

आयुष्यभर मी प्रश्नच विचारत आलोय. मग का सोडलंत, हा विचारला नाही.