बिनदाराचा मनोरा

तीर्थरूप आत्या,

वाकून नमस्कार. (खरोखर वाकले आणि मगच लिहायला बसले, नाहीतर पहिल्याच ओळीत खोटेपणा झाला असता.) तुझा गुडघा जिना चढू देतो का? काकांना खरंच खोकला आहे की तुझं बोलणं थांबवायची ती युक्ती आहे, याचा निकाल लागला का? मी मजेत आहे. म्हणजे जेवते, झोपते. मजेचं खाली सांगते.

तुला माहीतच आहे, मी त्या जुन्या व्हिक्टोरियन घरात येणाऱ्यांना घर दाखवायच्या नोकरीला लागले. अजून कच्ची आहे. विश्वस्तांना पसंत पडले तर पक्की. हे घर एका साबणवाल्याने बांधलं. व्हिक्टोरिया राणीचं राज्य होतं, साबण खपत होता, आणि हातात पैसा खुळखुळला की माणसाला टोकदार कमानी सुचतात. त्याने एका घरात चार घरांची हौस भागवून घेतली. खाली चर्चसारख्या कमानी, वर किल्ल्यासारखा कठडा, व्हरांड्याला लोखंडी नक्षी, आणि खिडक्यांना रंगीत काचा. त्या काचांवर बागेचं चित्र आहे, त्यामुळे बाहेरची बाग दिसत नाही. दिवाणखान्यातले खांब संगमरवरी दिसतात, पण आहेत लाकडी. टिचकी मारली की कळतं, म्हणून टिचकी मारायला मनाई आहे. उत्तरेच्या खिडक्या भिंतीवर रंगवलेल्या आहेत. पुस्तकांचं एक कपाट म्हणजे पुस्तकांचे नुसते पुठ्ठे चिकटवलेलं दार. नोकर दिसू नयेत म्हणून मागे अंधारा जिना आहे. त्यामुळे नोकरांनाही मालक दिसत नसत. सोय नक्की कोणाची झाली, सांगता येत नाही. थोडक्यात, आत्या, तू मला पाटीवर पहिलं अक्षर गिरवायच्या आधी खोटं बोलू नये हे शिकवलंस, आणि मला नोकरी मिळाली ती पायापासून कौलापर्यंत थापा मारणाऱ्या घरात.

पण खरं दुखणं म्हणजे मनोरा. डाव्या कोपऱ्यावर एक गोल मनोरा आहे, डोक्यावर टोपी, मधे एक खिडकी, आणि आत जायला दारच नाही. येणारा प्रत्येक जण विचारतो, आत काय आहे? मी सांगायची, माहीत नाही. (खरंच माहीत नव्हतं.) लोक तोंड पाडून जायचे आणि फाटकात भेटणाऱ्यांना सांगायचे की त्या बाईला काही येत नाही. शेवटी व्यवस्थापकांनी बोलावून घेतलं. यांना आम्ही पाठीमागे 'छत' म्हणतो, कारण ते उंच आहेत आणि सर्दीने बाराही महिने गळत असतात. ते म्हणाले, "अहो, एखादी नवरी कोंडा की आत." मी विचारलं, कुठली नवरी? "कुठलीही. साबणवाल्याची सून समजा. आधी 'असं म्हणतात' लावायचं, की आपण मोकळे."

आता 'असं म्हणतात' म्हटलं की मला तू दिसतेस. लहानपणी मी तसं म्हणाले की तू विळी बाजूला सारून म्हणायचीस, "कोण म्हणतं? घेऊन ये त्याला." मला घास गोड लागेना. मग उपाय सुचला. माळीकाकांना विनंती केली की रोज सकाळी मला एकदा म्हणा, मनोऱ्यात नवरी कोंडली होती. म्हणजे कोणीतरी म्हणतं, एवढं तरी खरं होईल. ते म्हणाले, "पोरी, ऊन लागलं का तुला?" पण म्हणाले. मग वाटलं, एकटा माणूस म्हणजे काही लोक नव्हेत; म्हणून तिकीट देणाऱ्या बाईंनाही म्हणायला लावलं.

काही दिवस बरे गेले. मग माळीकाकांना रोज तेच ते म्हणायचा कंटाळा आला, म्हणून त्यांनी नवरीला एक कुत्रा दिला. तिकीटबाईंना कुत्रा पसंत पडला नाही, त्यांनी तिला सवत दिली. मी काय करणार? लोक म्हणतात ते जसंच्या तसं सांगायला हवं. त्यातलं गाळणं हाही खोटेपणाच. एका सकाळी नवरी चादरींचा दोर करून सुताराबरोबर पळाली (कुत्र्यासकट), आणि त्या दिवशी एक वयस्कर गृहस्थ डोळे पुसत पुन्हा तिकीट काढायला गेले. गर्दी वाढली. छत गळायचं थांबलं.

आणि मग खरोखरचा सुतार आला. मनोऱ्याला लागून असलेली एक फळी कुजली होती. ती काढून त्याने हाक मारली, "ताई, बघायचंय?" (इथे मी नको म्हणायला हवं होतं.) आम्ही सगळ्यांनी डोकावून पाहिलं. आत काही नाही. जमीनसुद्धा नाही. वर छप्पर, खाली कबुतरांची घाण, मधे पोकळी. खिडकीमागचा पडदा पत्र्याचा, रंगवलेला. समोर एका तेलवाल्याचं जुनं घर आहे, त्यालाही असाच मनोरा आहे, फक्त हातभर बुटका. यावरून काय समजायचं ते तू समज. मी काही म्हणत नाही.

दुसऱ्या दिवशी माळीकाका म्हणायलाच तयार होईनात. "डोळ्यांनी बघितल्यावर कसं म्हणू? तुझ्या नादाने मलाही खरं-खोटं टोचायला लागलंय." तिकीटबाई म्हणाल्या, सवत नव्हती हे त्यांना पहिल्यापासून वाटत होतं. म्हणजे आता नवरी होती असं म्हणणारं कोणी उरलं नाही. आणि येत्या रविवारी विश्वस्त माझ्याबरोबर घरभर हिंडून मला ठेवायचं की काढायचं ते ठरवणार आहेत. छताने त्यांना आधीच सांगून ठेवलंय, बाकी काही नाही ऐकलंत तरी चालेल, नवरी ऐका.

मी ठरवलंय. मनोरा पोकळ आहे हेच सांगायचं. नोकरी गेली तर गेली, तुझी शिकवण तर राहील. माझी मुळीच काळजी करू नकोस.

तुझ्या धाकात वाढलेली,
तुझी भाची

ता. क. नोकरी गेली तर मी तुमच्याकडेच राहायला येईन, बहुधा कायमची. सामान फार नाही. पण एक सवय लागली आहे, कुठल्याही खोलीत शिरले की तिची माहिती मोठ्याने सांगत सुटते. काकांना चालेल ना?

आणखी ता. क. पत्ता लिहून तिकीट लावलेलं पाकीट सोबत ठेवलंय. एका चिठ्ठीवर तुझ्या हाताने एवढंच लिही, 'मनोऱ्यात नवरी होती', आणि शनिवारच्या टपालाने पोचेल असं टाक. खाली काकांनाही लिहायला सांग. एकटा माणूस म्हणजे काही लोक नव्हेत. सवत नको. कुत्र्याचं तुझ्यावर सोडते.