वीतभर दार

ताई,

अडगळीने भरलेली घरं उपसायला गेलं की आम्ही आधी दार किती उघडतं ते बघतो. अर्धं उघडलं तर दोन दिवसांचं काम, वीतभर उघडलं तर आठवडा गेलाच म्हणायचा.

आज एका आजोबांचं दार वीतभरच उघडलं. रद्दीच्या थप्प्यांमधून ते म्हणाले, "असू दे गं, लागतं कधीतरी."

कामावरून उचलून आणलेल्या बरण्या घरात रचताना मी रोज हेच म्हणते.

संध्याकाळी माझं दार ढकललं, तर तेही वीतभरच उघडलं. अंग चोरून आत शिरले.

रविवारी येऊ नकोस, हे लिहायला बसले होते. पण मला फार भीती वाटतेय, ये. दार जोरात ढकल. हे पत्र टाकायचा धीर झाला नाही, तर दारामागे सापडेलच, थप्पीवर सगळ्यात वर.

तुझं घाबरलेलं शेंडेफळ