वेशीबाहेरचा फळा

कोटोर,
रविवार, ९ ऑक्टोबर २०११

प्रिय त्रिपो,

तू आणि लिनेट सुखरूप घरी पोहोचलात की अजून जहाजावरच आहात, मला माहीत नाही. पत्र घरच्या पत्त्यावर टाकतेय. इकडे मी बरी आहे. पायऱ्या चढताना गुडघा कुरकुरतो, पण त्याचं कोण ऐकतंय. अंजिरं यंदा लवकर संपली. हवा अजून गरम आहे आणि जहाजं रोज दोन-दोन येतायत. समाचाराला आलेल्यांनी आणलेली कॉफीची चौदा पाकिटं आणि सात किलो साखर घरात पडून आहे. मी एकटी ती कधी संपवणार, देव जाणे.

बाबा गेले हे तुला कळलंच. माझ्याकडून कळायला हवं होतं, ते वेशीबाहेर निधनाचे कागद लावतात त्या फळ्यावरून कळलं. तीस सप्टेंबरला, शुक्रवारी दुपारी गेले, खिडकीतल्या खुर्चीत, दुर्बीण मांडीवर. त्रास झाला नाही. रविवारी माती दिली. तुझं जहाज मंगळवारचं. मला जहाजावर निरोप पाठवता आला असता, नाही असं नाही. पण म्हटलं, वीस वर्षांनी येतोय, समोर बसवून, हात धरून सांगू.

तू एप्रिलच्या पत्रात बजावलं होतंस, धक्क्यावर येऊ नकोस, मी माझ्या पायांनी वर येईन, म्हाताऱ्याने दार उघडलं तर ठीक, नाहीतर पायरीवरून परत फिरेन. म्हणून मी आले नाही. सकाळपासून माकुळाचा काळा भात टाकला होता. दार सताड उघडं ठेवलं होतं, म्हणजे ते उघडायचा प्रश्नच नको. नऊ वाजले, दहा वाजले, बारा वाजले. दर अर्ध्या तासाला एखादा पर्यटक आत डोकावून विचारायचा, किल्ल्याची वाट हीच का म्हणून. एकावर मी इतकी जोरात ओरडले की बिचाऱ्याच्या हातातला नकाशा पडला.

चार वाजता दोब्रिला वर आली. तीच, शाळेत तुझ्या मागच्या बाकावर बसायची. आता वेशीबाहेरच्या बाजारात चीज विकते. येताना एक मोठा तुकडा घेऊन आली, तुझ्यासाठी.

"जेवला का गं त्रिपो?" म्हणाली.

"कुठला त्रिपो? आलाच नाही अजून."

"काहीतरीच काय! सकाळी नऊलाच बघितला की मी त्याला. केस पांढरे झाले तरी चाल बापाचीच, डावा खांदा खाली."

"मग?"

"मग काय, फळ्यापाशी थांबला. आपली माणसं थांबतातच. तुमच्या बाबांच्या कागदावर बोट लावून एकेक नाव वाचत खाली गेला, परत वरपासून वाचलं. बायको फोटो काढायला लागली, तर तिचा हात धरून खाली केला. मग टोपी काढली, क्रूस केला आणि वळला जहाजाकडे. मी हाक मारली गं, 'त्रिपो' म्हणून. थांबला नाही."

"आणि हे तू मला आता सांगतेस?"

"समोर गिऱ्हाईक होतं! मला वाटलं, काही विसरलं असेल जहाजावर, घेऊन येईल परत."

मी घरातल्या सपातांवरच पळाले. आयुष्यात एवढी पळाले नसेन. धक्क्याच्या फाटकावर एक रखवालदार, तुझ्या मुलाच्या वयाचा, म्हणतो, "मावशी, पास दाखवा." मी म्हटलं, "माझा भाऊ आहे आत." तो म्हणाला, "आत दोन हजार जण आहेत, मावशी." वाईट नव्हता रे. पाण्याची बाटली दिली त्याने मला.

पाचला भोंगा झाला. मी फाटकाच्या गजांतून तुझ्या नावाने ओरडत होते, हात हलवत होते. आणि वरच्या सगळ्या मजल्यांवरच्या माणसांनी उलट हात हलवले. शेकडो हात. त्यांना वाटलं असेल, गावची म्हातारी निरोप द्यायला आलीय. त्यात तुझा हात होता का, एवढं तरी सांग. मी जहाज वळून खाडीच्या अरुंद तोंडाकडे जाईपर्यंत उभी होते. बंदराचे वाटाडे असताना बाबांनी तिथून कितीतरी जहाजं बाहेर काढून दिली असतील. मला एक थांबवता आलं नाही.

फळ्यावरच्या कागदात शोकाकुलांमध्ये तुझं नाव नव्हतं, त्याबद्दल लिहायचं म्हणून हे पत्र. छापखान्यात गर्दी होती, एकाच दिवशी तिघांच्या निधनाचे कागद छापायचे होते, मुलीने घाईत एक ओळ गाळली. अशा चुका होतात.

थोडा वेळ उठून भांडी घासून आले.

त्रिपो, मंगळवारी सकाळी सहाला मी फळ्यापाशी गेले होते. बाबांचा कागद काढून टाकायला. एक कोपरा सोडवलाही होता. दोब्रिला नेमकी पाट्या मांडत होती. "झोर्का! बापाचा कागद फाडतेस? माती वाळली नाही अजून त्यांच्यावरची!" मी म्हटलं, वाऱ्याने सुटला होता, चिकटवतेय. आणि स्वतःच्या हाताने तो कोपरा परत दाबून बसवला. छापखान्याची चूक असती तर मी सहा वाजता चोरासारखी तिथे गेले असते का?

वर छापखान्याबद्दल लिहिलं ते खोटं आहे. ते खोडत नाही. खोडायला आता हात धजत नाही.

तू गेलास तेव्हा, एक्क्याण्णवच्या त्या ऑक्टोबरात, लष्कराचं बोलावणं आल्यावर, शेजारच्या डुब्रोव्निकवर तोफा डागायला जाणार नाही म्हणून मासेमारीच्या होडीतून इटलीला पळालास, तेव्हा बाबा म्हणाले होते, भित्र्याचं नाव या घरात काढायचं नाही. मीही काढलं नाही. वीस वर्षं आम्ही दोघं समोरासमोर बसून जेवलो. पण एप्रिलमध्ये तुझं पत्र मी त्यांना वाचून दाखवलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी चष्मा मागितला, कागद मागितला आणि आपला निधनाचा कागद स्वतः लिहून काढला. दोन तास लागले. शोकाकुल म्हणून खाली नावं लिहिली. पहिलं तुझं.

मला म्हणाले, "तो येईपर्यंत मी टिकलो तर उत्तमच. नाही टिकलो तर जहाजावरून उतरून आधी फळाच बघेल. कुठलाही कोटोरचा माणूस आधी तोच बघतो. तिथे त्याला कळेल."

ऐकलंस? तुझ्यासाठी दार त्यांनी तिथे उघडं ठेवलं होतं. वर माझ्याकडे नाही, खाली फळ्यावर.

ते गेले त्या शुक्रवारी संध्याकाळी मी तो कागद कपाटातून काढला. पहिली ओळ, मुलगा त्रिपो. तिच्या खाली, मुलगी झोर्का. त्यांची नखं मी कापली. दोन वर्षं त्यांना आंघोळ मी घातली. रात्रीअपरात्री पाण्याला मी उठले. लग्न राहिलं ते राहिलंच. आणि तू एक पत्र लिहिलंस आणि पहिला झालास. मला वाटलं, एकदाच, पावसाने कागद गळून पडेपर्यंत, त्यांचं मूल मी एकटीच असावं. स्वयंपाकघरातल्या पेनाने ती ओळ खोडली. छापखान्यातली मुलगी म्हणाली, "हे खोडलेलं घ्यायचं नाही ना?" मी म्हटलं, "नाही."

तू तो कागद वाचशील हे मला माहीत होतं. बाबांनी सांगितलेलं होतंच. तरीही.

जहाज थांबणार होतं तेवढ्या थोड्या तासांत हे सगळं सांगून टाकणार होते, भात वाढता वाढता. त्यानंतर दोनदा तुझ्या मोबाइलवर फोन केला, तू 'हॅलो' म्हणालास, माझा आवाज ओळखलास आणि ठेवलास. तुला राग माझा नसेल, त्यांचा असेल, आणि तेच मला सहन होत नाही. ते बिचारे मातीखाली गेले आणि तुझ्या मनात अजून वीस वर्षांपूर्वीचेच बाबा आहेत. त्यांची बाजू सांगणारी मी एकटी, आणि माझ्यावर तू विश्वास का ठेवावास?

नवा कागद छापून लावला तर वाचणार कोण? दोब्रिला. मार्चमध्ये बाबांना सहा महिने होतील, तेव्हा रीतीप्रमाणे स्मरणाचा कागद लागेल, त्यात तुझं नाव पहिलं असेल, पण फळ्यासमोर तू नसशील. काय करू सांग. मला काही सुचत नाही.

मूळ कागद सोबत पाठवतेय. अक्षर ओळखशील, 'त'ची शेपटी अजून तशीच लांब. तुझ्या नावावरची रेघ माझी आहे, तिच्याखालून बघ. उजेडाकडे धरलास तर नीट वाचता येतं.

शोकाकुल,
मुलगा त्रिपो,
मुलगी झोर्का