एक नवं, तीन जुनी

प्रिय भिंगरी,

तू फोनवर रडायला लागलीस आणि मी तो ठेवून दिला, म्हणून फुगली असशील. रडणाऱ्याशी मला बोलता येत नाही, म्हणून लिहिते. अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय आहेत, चालवून घे.

तुझं दुखणं मला कळलं ते असं. दवाखान्यात जखमेची चार मलमं, तीन जुनी, एक नवं. पहिला रोगी यायच्या आधीच तू कागदावर लिहून ठेवलंस, की नव्याची तुलना तिन्ही जुन्यांच्या सरासरीशी करायची. जखम भरायचे नव्याचे सरासरी दिवस तीनदा धरायचे, त्यातून जुन्यांचे एकेकदा वजा करायचे, पारडी सारखी. उत्तर आलं जवळजवळ शून्य. आता तुझे साहेब म्हणतात, तिघांतलं सगळ्यांत मठ्ठ मलम घे, त्याच्या एकट्याशी ताड, म्हणजे नवं चमकेल. सोमवारी सही कर, नाहीतर घरी बस.

अगं, तिघांत कुणीतरी तळाला असणारच! शर्यत संपल्यावर लंगडा हुडकायचा आणि त्याला हरवलं म्हणून मिशीला पीळ द्यायचा, ही कसली मर्दुमकी? निकाल बघून जोडी निवडायची तर कसोटीही कडक लावावी लागते, हे तूच मला शिकवलंस. त्या कसोटीला साहेबांचं मलम उतरत नाही, हेही तूच सांगितलंस. मग रडतेस कशाला? सही करू नकोस. नोकरी गेली तर इकडे ये. दोन वेळचं जेवण मिळेल, बोलणी फुकट.

चार यत्ता शिकलेली म्हातारी एवढं छातीठोक कशी बोलते? तर ऐक. सूतगिरणीत मी धाग्याला वजनं टांगून तो कधी तुटतो ते लिहायची. नवं यंत्र आलं तेव्हा असंच ठरलं होतं, तिन्ही जुन्यांच्या सरासरीशी ताडायचं. फरक निघेना. मुकादम म्हणाला, जुन्यांतलं दोन नंबरचं यंत्र सगळ्यांत कच्चं, फक्त त्याच्याशी ताडून लिही. मी लिहिलं आणि खाली सही ठोकली. ते दोन नंबर चालवणारीचा हात वाईट ठरला, तिला काढलं. ती माझी थोरली बहीण. ती माझ्याशी भांडून गेली, असं मी तुम्हा सगळ्यांना सांगत आले. एका शब्दाने भांडली नाही गं. कागद वाचला, डबा उचलला आणि गेली. पुन्हा माझ्या दारात आली नाही.

तुझीच,
आजी